दोन्ही पाय सारखे

मुलगी अभ्यासात बरी आणि पोहण्यात फारच बरी निघाली तर तिला कुठल्या कॉलेजात घालावं, हा प्रश्न टेलरसमोर एका कोटाची बाही लावता लावता अधिकृतरीत्या उभा राहिला. शाळेचा शेवटचा निकाल हाती आला होता. त्याच आठवड्यात मुलगी पोहण्याची मोठी स्पर्धा जिंकली होती, आणि तीही अशी की दुसरी आलेली मुलगी काठाला लागली तेव्हा ही अंग पुसून, कपडे बदलून तिच्यासाठी टाळ्या वाजवत उभी होती. गल्ली तिला मासोळी म्हणायची. घरातही तेच नाव रुळलं होतं.

टेलर सरळ माणूस. त्याने शिवलेला कोट घातला की घालणाराही काही काळ सरळ वाटायचा. खोड एकच. दोन बाजू सारख्या दिसल्या नाहीत की त्याला चैन पडत नसे, आणि सारख्या करायचा त्याला एकच मार्ग ठाऊक होता. कापड वाढवता येत नाही, कापता येतं. या तत्त्वापायी एकदा बँकेच्या मॅनेजरच्या पँटचा डावा पाय किंचित लांब दिसला म्हणून त्याने तो कापला. मग उजवा लांब दिसायला लागला. मॅनेजर ट्रायलला आला तोवर पँट गुडघ्याच्या वर पोचली होती. पण दोन्ही पाय अगदी सारखे होते. "टेप लावून बघा!" टेलर छाती फुगवून म्हणाला होता. मॅनेजरने टेपही लावला नाही आणि पँटही नेली नाही. ती अर्धी चड्डी तेव्हापासून दुकानातल्या खुंटीवर होती, आणि घरात वाद झाला की टेलरच्या बायकोच्या तोंडी.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. लोकांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचून घ्यायची. दिवसभर हेच केल्यामुळे कोणाला काय दिसत नाही, हे तिला लवकर कळायचं.

मासोळीला काय हवं होतं, हे तिने स्वच्छ सांगितलं होतं. नदीत पोहताना पुलाच्या खांबामागे पाणी उलटं फिरतं, हे तिच्या खांद्याला कळलं होतं. ते का फिरतं, हे तिला शिकायचं होतं. आणि पोहायचं तर होतंच.

"म्हणजे नक्की काय? अभ्यास की खेळ?" टेलरने विचारलं.

"पाणी," मासोळी म्हणाली.

"असा विषय नसतो बाळा."

तिघं कॉलेजं बघायला निघाले. पहिलं कॉलेज विद्येसाठी नावाजलेलं. तिथे पोहण्याचा तलाव होता, निळ्या फरशांचा, चकचकीत. फक्त पाणी नव्हतं. "पाणी भरलं की मुलं पोहतात," प्राचार्यांनी अडचण सांगितली. तलावाच्या तळाशी टेबलं मांडून विद्यार्थी वाचत बसले होते. उथळ बाजूला पहिलं वर्ष, खोल बाजूला पदव्युत्तर.

दुसरं कॉलेज खेळासाठी नावाजलेलं. तिथल्या ग्रंथालयात ओले टॉवेल वाळत होते. ग्रंथपाल माजी गोळाफेकपटू होते. मासोळीने पाण्याच्या प्रवाहांवरचं पुस्तक मागितलं तेव्हा त्यांनी एक जाडजूड ग्रंथ काढला, तळहातावर तोलला आणि परत ठेवला. "हा नको. हा लांब जात नाही."

"इथे पोहायचं आणि तिथे वाचायचं, असं नाही का करता येणार?" मासोळीने बाहेर आल्यावर विचारलं. दोन्ही कॉलेजांच्या शिपायांनी एकमताने नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्या कॉलेजच्या फाटकावर 'विद्या आणि क्रीडा यांचा संपूर्ण समतोल' अशी पाटी होती. ती वाचून टेलरचा ऊर भरून आला. आत समतोल कक्ष होता आणि त्यात समतोल अधिकारी. त्यांच्या टेबलावर दोन घड्याळं, दोन पेनं आणि पाण्याचे दोन पेले होते. ते एक घोट या पेल्यातला घेत, एक त्या पेल्यातला. भांग बरोबर मध्यावर.

त्यांनी मासोळीची प्रमाणपत्रं दोन हातांत धरली आणि मान हलवली. "आपल्या पाल्याचा तोल गेलेला आहे."

"कुठे पडली?" बायको दचकली.

"क्रीडा निर्देशांक शंभर. विद्या निर्देशांक चौऱ्याहत्तर. आमच्याकडे दोन्ही समान लागतात."

"मी अभ्यास वाढवते की," मासोळी म्हणाली. "वर्षभरात आणते वर."

"प्रवेश या हंगामाचा आहे. फेरतपासणी दर पंधरवड्याला होते. तफावत शून्यावर आली की प्रवेश."

"पण कितीला कितीच्या बरोबर असायला हवं?" टेलरने विचारलं.

"सारखं."

"हो, पण सारखं म्हणजे किती?"

अधिकाऱ्यांनी डाव्या पेल्यातला घोट घेतला. "किती, याबद्दल नियम मौन बाळगतो. उंची हा आमच्या कक्षाचा विषय नाही." मग उजव्या पेल्यातला घेतला.

टेलरच्या डोळ्यांत एकदम चमक आली. बायकोने ती लगेच ओळखली. हीच चमक तिने मॅनेजरच्या पँटच्या वेळी पाहिली होती.

"सोपं आहे," घरी आल्यावर टेलरने खडू कानावर अडकवत जाहीर केलं. "लांब पाय कापायचा."

"अहो, ती पोरगी आहे, पँट नाही!"

"मी कुठे तिला हात लावतोय? नुसतं जरा हळू पोहायचं. चौऱ्याहत्तरापुरतं. एकदा प्रवेश मिळाला की मग पोह म्हणावं हवं तसं."

"आणि नाही जमलं परत?"

"पोहणं काय कोणी विसरतं का?"

मासोळीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. तिसरं कॉलेज हे एकच असं होतं जिथे तलावात पाणी आणि ग्रंथालयात पुस्तकं होती. ती म्हणाली, "बघते प्रयत्न करून."

प्रयत्न फसला. हळू पोहायचं म्हणजे मधेच थांबायचं, आणि थांबली की तिला पाण्याची गंमत कळायची, आणि गंमत कळली की ती आणखी वेगाने निघायची. तेव्हा टेलरने शिकवणी शोधली. गावाच्या टोकाला एक प्रशिक्षक राहत होते. उभ्या हयातीत त्यांचा एकही विद्यार्थी कुठलीच शर्यत जिंकला नव्हता, म्हणून काल-परवापर्यंत लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायचे. समतोलाचा नियम आला आणि त्यांच्या दारात मोटारी उभ्या राहू लागल्या. 'खात्रीशीर मंदगती वर्ग' अशी पाटी लागली. खाली बारीक अक्षरांत, 'आजवर शंभर टक्के निकाल.'

"हिच्यात दोष फार आहेत," पहिल्याच दिवशी त्यांनी निदान केलं. "हात सरळ पडतो. श्वास वेळेवर घेते. कोणी लावल्या या सवयी?"

"उपजतच आहेत," टेलर ओशाळून म्हणाला.

"तरी लवकर आणलीत. दोन वेळा यावं लागेल. सकाळ आणि संध्याकाळ."

मासोळी सकाळ-संध्याकाळ हळू पोहायला शिकू लागली. वेगाने पोहून ती कधी दमली नव्हती, हळू पोहून मात्र पार गळून जायची. पुस्तक उघडलं की डोळा लागायचा. फेरतपासणीला क्रीडा चौऱ्याहत्तरवर आली. टेलर पेढे वाटायच्या विचारात होता, तेवढ्यात अधिकाऱ्यांनी दुसरा आकडा वाचला. विद्या एकसष्ट.

"तफावत निम्मी झाली. अभिनंदन," अधिकारी म्हणाले.

"अजून थोडी कात्री," टेलर म्हणाला.

प्रशिक्षकांनी वेळ वाढवला आणि यावेळी हात जरा जास्तच चालला. क्रीडा पन्नासावर गेली, विद्या बावन्नवर. आता अभ्यासाचा पाय लांब! टेलरने रातोरात नव्हे, पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत चुकीची उत्तरं शिकवणारे गुरुजी गाठले. त्यांचं काम अवघड होतं. मासोळीला चूक लिहायला सांगितली की ती आधी बरोबर उत्तर काढायची, कारण चूक कुठली हे त्याशिवाय कळणार कसं?

"हीच तर गोची आहे," गुरुजी घाम पुसत म्हणाले. "मुलगी विचार करते. तो थांबला की सगळं सुरळीत होईल."

आणि तो हळूहळू थांबत गेला. नदीवरून जाताना मासोळी पूर्वी कठड्याला लटकून खांबाकडे बघायची. आता सरळ बघून चालायला लागली.

आत्या, म्हणजे टेलरची धाकटी बहीण, एकदा मुद्दाम दुकानात आली. तिचा मुलगा लांब उड्या मारायचा. "दादा, कितीवर आहे रे मासोळी?"

"चाळिशीत," टेलर शक्य तितक्या साधेपणाने म्हणाला.

"इतकंच? आमचा परवाच पस्तीसला आला. दोन्हीकडे! हल्ली उंबरा ओलांडतानाही अडखळतो." तिने नाक वर केलं. "वहिनींचं लक्ष नसतं का घरात?"

ते टेलरला फार लागलं. त्याने दोन्ही शिकवण्या वाढवल्या. आकडे एकमेकांचा पाठलाग करत जिना उतरू लागले. कधी हा पायरीभर वर, कधी तो. प्रत्येक वेळी टेलर म्हणे, "आता फक्त कडेची शिलाई राहिली." कोट शिवायचे पडून राहिले. एका गिऱ्हाइकाने एका बाहीचा कोट तसाच नेला, वाट बघून कंटाळला बिचारा.

"अहो," एकदा बायको ताटं मांडता मांडता म्हणाली, "दवाखान्यात काही माणसं येतात, त्यांना तक्त्यातली शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचता येते. पाठ असते. आणि सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर विचारलं की गप्प."

"मग त्यांना चष्मा देता?"

"छे. डॉक्टरांकडे आत पाठवते."

"बरं करतेस," टेलर म्हणाला आणि आकडेमोडीत बुडाला.

शेवटच्या फेरतपासणीला मासोळी तलावात उतरली आणि जिथे उतरली तिथेच दांडा धरून उभी राहिली. लेखी परीक्षेत तिने स्वतःचं नावही लिहिलं नाही. समतोल अधिकारी खुर्चीतून उठले. ते उठले की एरवी दोन्ही हात टेबलावर टेकवून उठत. या वेळी भावनेच्या भरात त्यांनी एकच टेकवला.

"शून्याला शून्य!" ते म्हणाले. "मी सेवेत आल्यापासून इतका निर्दोष समतोल पाहिलेला नाही."

पेपरात फोटो आला. 'आदर्श अष्टपैलू विद्यार्थिनी.' कॉलेजच्या तलावाकाठी समारंभ ठेवला. तलाव बरोबर निम्मा भरलेला होता. मासोळीला दोन कानांचा चषक देण्यात आला आणि तिने तो सांगितल्याप्रमाणे दोन्ही कान धरून घेतला. टेलरने टाळ्या वाजवल्या, मग अधिकाऱ्यांच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "साहेब, प्रवेश झाला. आता पोहली, वाचलं तिने, तर चालेल ना?"

अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली, नाकाच्या रेषेत, मधोमध. "प्रवेश समतोलावर दिलेला आहे. समतोल बिघडला की प्रवेश रद्द. तरी बरं, शून्य हे राखायला सगळ्यात सोपं."

टेलरने वळून पाहिलं. मासोळी चषक बाजूला ठेवून तलावाच्या काठावर बसली होती. पाण्यात एक वाळकं पान पडलं होतं. आत पाणी सोडणाऱ्या नळाजवळ ते गरगर फिरत होतं, प्रवाहाच्या उलट दिशेने. मासोळीची मान त्याच्याबरोबर किंचित हलत होती. पायाचा अंगठा पाण्यात गेला. खांदे पुढे झुकले.

"मासोळे!" टेलर ओरडला. "मागे हो! सगळं वाया जाईल!"

ती मागे झाली. लगेच झाली, काही न विचारता. कडक इस्त्री केल्यासारखी, कुठे सुरकुती नाही. पान एकटंच फिरत राहिलं.

बायको पुढे आली. तिने आपला एक डोळा तळहाताने झाकला, नवऱ्याकडे पाहिलं. मग तो उघडून दुसरा झाकला, पुन्हा पाहिलं. आणि लेकीचा हात धरून चालू लागली.

टेलरला त्यांच्यामागे जायचं होतं, पण इतर मुलांच्या आईबापांनी त्याला गराडा घातला होता. कोणाचा मुलगा फुटबॉलमध्ये वाजवीपेक्षा पुढे गेला होता, कोणाची मुलगी गणितात हाताबाहेर चालली होती. सगळ्यांना एकच विचारायचं होतं: कसं जमवलंत?

आता दुकानात कोट शिवत नाहीत. मॅनेजरची चड्डी खुंटीवरून काढून, कडक इस्त्री करून दर्शनी काचेत लावली आहे, नमुना म्हणून. बाहेर रांग असते. आईबाप मुलांना खांद्याला धरून सरळ उभं करतात आणि टेलर गळ्यातला टेप काढत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. तुम्हीही हसत हसत इथवर आलात, म्हणजे रांगेत बरेच पुढे आलात. या, लाजू नका. पोराला असं उजेडात उभं करा, आणि सांगा, कुठला पाय लांब आहे?