समुद्रावर थांबलेलं विमान

सांगून ठेवते, आमच्या तिरोड्यात विमानावर डोळा ठेवणारी पहिली बाई मीच! २०१५ साली आमचे हे, धनेंद्र, राइस मिलच्या मशिनी बसवायला मुंबईहून नैरोबीला निघाले. जन्मातला पहिला विमानप्रवास. मी बी.एस्सी. झालेली, काळजीसुद्धा पद्धतशीर करते. हँडबॅग स्वतः भरली, लागणारी एकही वस्तू सोडली नाही. "विमानतळात शिरताच फोन बंद करा," हे तीनदा बजावलं. आणि विमान कुठे आहे ते दाखवणारं अॅप मोबाइलवर घेतलं.

सकाळी अर्धी गल्ली आमच्या ओसरीत! नकाशावर पिवळं विमान कोंबडीच्या पिल्लासारखं तुरुतुरु निघालं. तीन वर्षांची सोनिका त्याला टाटा करून राहिली होती, सासूबाई मोबाइलवर अक्षता टाकत होत्या.

"बघा आई, तुमचा मुलगा! थेट!"

तेवढ्यात अरबी समुद्रावर विमान थांबलं. मग दिसेनासंच झालं!

"काऊन वो रविता, कुठी गेला माहा पोरगा?"

"पेट्रोल संपलं असन," सासरे म्हणाले.

"बाप्पा!" शेजारच्या नंदाबाई किंचाळल्या. "समुद्रात धक्का माराले कोण येईन?"

मी लगेच नागपूरच्या इंजिनिअर दिराला, दुर्गेशला, फोन लावला.

"वहिनी, जमिनीवर सिग्नल पकडणारे अँटेना असतात. समुद्रात कुठून आणणार? उपग्रहावरून पाठवता येतं, पण हजारो विमानांची क्षणाक्षणाची माहिती पाठवायची म्हणजे खर्च केवढा! म्हणून विमान मधूनमधून खबर देतं, तीही कंपनीला. तुमच्या फुकटच्या अॅपला नाही!"

मी ओसरीला समजावलं, "वर उपग्रह आहे, पण विमान त्याच्याशी सतत बोलत नाही."

"कायले नाही बोलत? भांडण हाय का?" नंदाबाई.

सासूबाईंनी तर डोळे मिटून हातच जोडले. "आपल्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवा, विमान सुखरूप उतरू दे! माही सून पोरीले कडेवर घेऊन अनवाणी गड चढन!"

"आई, मी?"

"मंग? माहे गुडघे दुखते. अन् विमान दाखवलं कोणं?"

दुपारपर्यंत घरात चूल पेटली नाही. मी मोबाइल चार्जरला लावून त्याच्यापुढे तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी बसले. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याशी पिवळं पिल्लू पुन्हा दिसलं! उतरलं! नंदाबाई रडल्या, सासऱ्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली.

जिलेबी तोंडात असतानाच ह्यांचा फोन.

"पोचलात?"

"कायचा पोचतो! मुंबईतच आहो. हँडबॅगीत अडकित्ता कोणं ठेवला?"

"सुपारी... तुम्हाला लागते ना..."

"तपासणीवाले अडकित्ता पाहून भडकले! वर तुही लोणच्याची बरणी फुटली. सारी बॅग उपसेपर्यंत विमान उडून गेलं. आता उद्याचं तिकीट आहे."

"मग फोन का नाही केला?"

"तूच म्हणाली ना बंद ठेवा! आत्ता बाहेर आलो तवा सुरू केला."

मी हळूच म्हटलं, "आई, हे त्या विमानात नव्हतेच. म्हणजे तो नवस..."

"नवस विमान उतरासाठी होता. उतरलं का नाही?"

"उतरलं."

"मंग चढ. उद्याच्या विमानासाठी येगळा बोलतो."

अॅप मी त्याच क्षणी काढून टाकलं. सोनिका तेव्हा चौदा किलोंची होती. गड दोनदा चढायचा होता. तोवर तिच्या वरणातलं तूप कमी करू का, हे सासूबाईंना विचारायची मात्र हिंमत झाली नाही!