कर्नलचा ड्रायव्हर

व्यंकटेश येमूलबरोबर चहा प्यायला जायची मला लाज वाटायची. तो चहा मागवायचा नाही, चहावाल्याची परीक्षा घ्यायचा. "दोन चहा," म्हणायचा. गिरणीच्या फाटकाजवळच्या मल्लूने गाळणं हातात घेतलं की, "एक रद्द." मल्लू एक कप बाजूला सारतोय तोच, "नाही, तीन कर. त्यातला एक बिनसाखरेचा." साखर पडून गेल्यावर, "बिनसाखरेचा रद्द. मघाशी रद्द केलेला परत चालू." मग हाताची घडी घालून, मान तिरकी करून तो मल्लूकडे बघत उभा राहायचा. मल्लू नेमका कुठे चुकतो, हे त्याला बघायचं असायचं.

मल्लू एकदा चुकला. त्याने उकळतं पातेलं दाणकन खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "ओ बाई, ह्येला न्या बरं हितनं!"

सगळं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं. जणू मी याला पाळलाय. येमूल मात्र खूश होता. "बघितलं ताई? रद्द केलेलं परत मागितलं की फुटतो. तिथंच फुटतात सगळे."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. आमच्या गिरणीने कॉम्प्युटर घेतला होता. त्यासाठी एक खोली थंडगार केली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या खोलीत यायला गिरणीतला प्रत्येक माणूस काहीतरी निमित्त शोधायचा. माझं टायपिंग बरं म्हणून हिशेब खात्यातून मला तिथे बसवलं होतं. येमूल मुंबईला शिकून आलेला. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा, घरी तेलुगू बोलायचा, बाहेर अस्सल सोलापुरी.

अडचण एवढीच होती की कॉम्प्युटर आला, पण त्याला जोडायची यंत्रं आली नव्हती. छापणारा प्रिंटर, कार्डं वाचणारं यंत्र, टेपचं यंत्र, सगळं मुंबईच्या बंदरात कागदपत्रांत अडकलं होतं. आमच्याकडे होतं ते टाइपरायटरसारखं एक धूड. त्यावर आपण लिहायचं आणि त्यावरच ते उत्तर द्यायचं.

येमूलने मला समजावलं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, कामं वाटून देणारा मुकादम. त्याचं नाव कर्नल. जोडलेल्या प्रत्येक यंत्राशी बोलायला कर्नलच्या हाताखाली एकेक छोटा प्रोग्राम असतो. त्याला म्हणायचं ड्रायव्हर. हे ड्रायव्हर येमूलने लिहिले होते. पण यंत्रंच नाहीत तर ते चालतात की नाही हे कळणार कसं? म्हणून त्याने खोटी यंत्रं बनवली. म्हणजे तीही प्रोग्रामच, पण कर्नलला वाटायचं की खरोखरचा प्रिंटर जोडलाय.

आणि काय एकेक प्रिंटर! एकाचा कागद दर दोन ओळींनी संपायचा. एक बहिरा होता, तीनदा सांगितल्याशिवाय हलायचा नाही. एक मधेच रुसून गप्प बसायचा. एक भरपूर वेळ काढून, काम न करताच "झालं" म्हणायचा. त्याला येमूल आमच्या स्टोअरकीपरच्या नावाने हाक मारायचा. हे सगळे तो एकाच वेळी कर्नलच्या अंगावर सोडायचा आणि कर्नल कोलमडला की टाळी वाजवायचा. मग चूक दुरुस्त करून त्याहून दुष्ट प्रिंटर बनवायला बसायचा.

एकदा मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. येमूल डोकं धरून बसला होता.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"कागद अडकलाय."

"कुठं?"

"प्रिंटरमधे."

पाहुण्यांनी खोलीभर नजर फिरवली. "प्रिंटर कुठाय?"

"मुंबईत की. बंदरात."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगीचच टाइपरायटरवरची धूळ पुसायला लागले.

पण खरी लाज मला आणली ती त्याच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाने. येमूलची आई तो लहान असतानाच गेलेली. घरात तो आणि त्याचे वडील, नाना. मुलगी बघायला जायचं तर बरोबर बाईमाणूस हवं. "ताई, तुमीच चला की," म्हणाला. मी इरकल नेसून निघाले.

नाना म्हणजे काडीसारखा माणूस. जन्मभर मागांच्या खडखडाटात बसून कान गेलेले. लेक काय काम करतो, हे त्यांनी रस्ताभर पुटपुटत पाठ केलं होतं. मुलीच्या मामांनी "चिरंजीव काय करतात?" असं ओरडून विचारल्यावर ते ताठ बसले आणि अभिमानाने म्हणाले, "कर्नलच्या ड्रायवरचं बघतो."

मामा चाचरले. "मिलिटरीत? पत्रात तर गिरणी म्हटलं होतं."

"गिरणीतच," येमूल म्हणाला. "कर्नल गिरणीत हाय."

"रिटायर झालेत का?"

"नाही हो. तो माणूस नाही. त्याला मी खोटा प्रिंटर दाखवतो. त्याला खराच वाटतो. मग मी त्याला छळतो."

"म्हणजे फसवता?" मामांनी विचारलं.

"व्हय. पडेपर्यंत."

मी पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने तोंडच झाकलं. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. नाकीडोळी नीटस, शांत मुलगी. एरवी कुणी विचारेल, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. येमूलने विचारलं, "समजा, लग्न झालं आणि मी तुमच्याशी बोलायचंच बंद केलं, तर तुमी किती दिवस वाट बघाल?"

मुलीच्या हातातली ताटली कलली. पोह्यांतला एक शेंगदाणा घरंगळत माझ्या पायाशी आला. आत मुलीच्या आईने हुंदका दिला.

परत येताना नानांनी उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं होतं. गल्लीतला एकेक ओळखीचा माणूस "काय नाना, जमलं का?" म्हणून विचारत होता. नाना ऐकू येत नसल्यासारखं करत होते. बरंचसं खरोखरच येत नव्हतं. येमूल मला म्हणाला, "ताई, प्रश्न चुकला काय हो?" मी माझ्याच चपलांकडे बघत चालत राहिले.

पुढे एकदाचा प्रिंटर बंदरातून सुटला. चेअरमनसाहेबांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. हार, नारळ, मांडव, गावातली मोठी माणसं. पाहुण्यांची नावं धडाधड छापून दाखवायची असं ठरलं. येमूल रात्रंदिवस त्याला तपासू पाहत होता, पण नव्या यंत्राला पूजेआधी कुणी हात लावायचा नाही, असा वरून हुकूम. "काय फरक पडत नाही," तो मला म्हणाला. "ह्याच्यापेक्षा वंगाळ प्रिंटर आपल्या कर्नलने पचवलेत."

त्या दिवशी त्याने नानांना आणलं. धुतलेलं धोतर, कुणाचा तरी मागून आणलेला कोट. शेवटच्या रांगेत, लोखंडी खुर्चीच्या टोकावर ते बसले. आपला लेक करतो तरी काय, हे त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसणार होतं.

नारळ फुटला. चेअरमनसाहेबांनी बटण दाबलं. प्रिंटर खाडकन वाजला आणि पहिली ओळ छापली. खुद्द चेअरमनसाहेबांचं नाव. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या. प्रिंटरही थांबलेलाच होता.

"माझं एकट्याचंच?" चेअरमनसाहेब म्हणाले. लोक हसले. येमूलने काहीतरी टाइप केलं. काही नाही. परत सगळं बंद करून चालू केलं. पुन्हा एकच ओळ, पुन्हा चेअरमनसाहेब. आता लोक मोकळेपणाने हसायला लागले. "यंत्रालाबी कळतंय कुणाचं नाव घ्यायचं ते!" कुणीतरी म्हणालं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. येमूल मान खाली घालून उभा राहिला. इतका वेळ ज्याने अख्ख्या जगाच्या चुका हसत हसत बघितल्या, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नाना उठले. कोण काय बोललं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. लेकाची वाकलेली मान तेवढी दिसली होती. रांगांमधून, लोकांच्या पायांना चुकवत ते पार पुढे आले. कुणी बोलावलं नव्हतं. चेअरमनसाहेबांसमोर हात जोडून म्हणाले, "आमचाच हाय. काय चुकलं असंल तर मला बोला."

हसणं एकदम थांबलं. नानांनी येमूलचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "पद रा. इंटिकि पोदाम." चल रे, घरी जाऊ. तीस वर्षांचा तो बाप्या, लहान पोरासारखा बापामागून चालत गेला. लोकांनी वाट दिली.

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मला वाटलं होतं. मी गेले तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, प्रिंटर चांगला हाय. म्हणूनच बोंबललं."

"म्हणजे?"

"कर्नल प्रिंटरला ओळ देतो आणि झोपतो. प्रिंटर 'झालं' म्हणाला की उठून पुढची देतो. माझे सगळे प्रिंटर रेंगाळायचे, रुसायचे, मग कधीतरी 'झालं' म्हणायचे. हा खरा लई गुणी. कर्नल आडवा व्हायच्या आतच 'झालं' म्हणून मोकळा. ते 'झालं' ऐकायला कोण नव्हतंच. मग कर्नल झोपला तो झोपलाच. येऊन गेलेल्या उत्तराची वाट बघत."

त्याने त्या एका ओळीचा कागद प्रिंटरमधून फाडून घेतला. मग म्हणाला, "लहानपणी मी नानांना हाका मारायचो. माग चालू असायचे. तीनदा, चारदा मारल्यावर कधीतरी वर बघायचे. मला वाटलं, सगळे असेच असतात. पहिल्याच हाकेला ओ देणारा मी एकपण बनवला नाही बघा."

मी म्हणाले, "मग आता बनव की एक."

त्याने मान हलवली आणि लिहायला बसला. वाईट प्रिंटर तो दुपारच्या चहाच्या आत तयार करायचा. हा चांगला प्रिंटर बनवायला त्याला सगळ्यात जास्त दिवस लागले. एक ओळ लिहायचा, खोडायचा, भिंतीकडे बघत बसायचा. एवढं अवघड काय आहे, असं मी एकदा विचारलं.

"बिघाड सुचतात हो ताई," तो म्हणाला. "हे सुचत नाही."