कालाग्नीचा शिरच्छेद आणि आईच्या मिरचीचें दत्तकविधान

॥ श्री ॥ सूर्य समर्थ, माती समर्थ, मधमाशी समर्थ. ज्यांच्या घरीं एक तरी रोप फुटक्या बादलींत जीव धरून आहे, ऐशा समस्त लहानथोरांस नमस्कार करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मास. ते समयीं एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर राज्य होतें. गांवाचें नांव पुसूं नये. पूर्वेस पाण्याची टांकी, पश्चिमेस कपडे वाळत घालण्याची दोरी, दक्षिणेस जिन्याचें दार आणि उत्तरेस शेजारच्या इमारतीची भिंत, ऐशी चतुःसीमा. राज्याचे धनी राजश्री शशिकांतराव, वय वर्षें चौसष्ट. पूर्वीं एका कचेरींत बसून नकाशे काढीत. नोकरी सरली आणि मिरच्या लावण्याचा छंद जडला, तो ऐसा जडला कीं देशोदेशींचें तिखट बीं टपालानें मागवावें, कापसांत भिजवावें, अंकुर फुटला तर घरांत पेढे वाटावे. ईशान्येकडील भूत नांवाची मिरची आली, समुद्रापलीकडचे विंचू आले, सुरकुतल्या तोंडाचे लालबुंद सरदार आले, आणि प्रत्येकास कुंडी, काठी व नांवाची पाटी ऐशी जहागीर मिळाली. त्यांत दोन जहाल घराण्यांचा संकर करून तीन वर्षें खपून रावांनीं स्वहस्तें एक झाड सिद्ध केलें, त्याचें नांव कालाग्नी. खोड अंगठ्याएवढें, पान काळसर हिरवें. तें मार्गशीर्षांतल्या बागप्रदर्शनांत मांडावें आणि लोकांनीं तोंडांत बोट घालावें, हा रावांचा मनोदय.

परंतु राज्यांत एक घराणें या सर्वांहून जुनें होतें. रावांच्या पत्नी सौभाग्यवती कुमुदिनीबाई लग्न होऊन आल्या, तेव्हां आईनें ओटींत तांदुळाबरोबर चिमूटभर मिरचीचें बीं घातलें होतें. मिरची आंखूड, जाड सालीची, तिखट म्हणावी तर नाहीं, गोड म्हणावी तर नाहीं, पण वास ऐसा कीं तळणीस टाकिली म्हणजे तिसऱ्या मजल्याचा माणूस पहिल्या मजल्यावर जेवावयास बसे. माहेरीं पुढें बाजारचें बीं आलें आणि तिकडील वंश बुडाला. इकडे बाईंनीं सदतीस वर्षें तो चालविला. दर चैत्रांत मिरच्यांस चीर देऊन, मसाला भरून, दह्यांत बुडवून उन्हांत वाळवाव्या, त्या सांडगी मिरच्या वर्षभर दहीभाताशीं तळाव्या. आणि भरणीस हात लावण्यापूर्वीं आईनें घालून दिलेली एक रीत होती. हंगामाची पहिली मिरची हिरवी तोडून दोघांनीं अर्धी अर्धी वांटून घ्यावी. पहिला घास कोरा घ्यावा. जात राखिली असेल तरच मग मीठ मागवावें आणि उरलेली मिठाशीं खावी. एकट्यानें चाखूं नये, कारण एकट्याच्या जिभेचा भरंवसा नाहीं.

त्या चैत्रांत बाई पहिली मिरची कापून गच्चीवर उभ्या राहिल्या. राव दुसऱ्या गांवीं मिरचीवाल्या स्नेह्यांच्या मेळ्यास गेले होते. "आज येतो" म्हणाले, आले नाहींत. "उद्यां नक्की" म्हणाले, तरी आले नाहींत. दोन दिवसांत अर्ध्या मिरच्या दोन्ही सुकल्या, आणि ऊन वायां जातें म्हणून बाईंनीं न चाखतां भरणी केली. मग अक्षय्यतृतीयेस बाईंचे धाकटे बंधु रामभाऊ जेवावयास आले. दहीभात वाढिला, चार सांडगी मिरच्या तळून पानांत पडल्या, आणि रामभाऊंनीं आईची आठवण काढून एक अख्खी तोंडांत घातली. पुढें काय वर्णावें! डोळे फिरले, कान लाल जाहाले, उचकी लागली ती थांबेना. तांब्याभर ताक संपलें, दुसरा तांब्या संपला, मग रामभाऊ शिंकाळ्याकडे पाहूं लागले.

"ताई," ते हुंदके देत म्हणाले, "माहेरचा माणूस जड झाला असेल तर तोंडानं सांग गं! असा विषप्रयोग कशाला?"

"अरे, आईचीच मिरची आहे ती."

"आईची? आईनं मला आयुष्यात दोनदा मारलं, पण एवढं नाही!"

बाईंनीं एक तुकडा स्वतः चाखिला आणि झारा खालीं ठेविला. रागें भरल्या नाहींत, भांडल्या नाहींत. "आईची मिरची गेली," इतकेंच बोलल्या. आणि दुसरे दिवसापासून त्यांनीं गच्चीवर पाऊल ठेविलें नाहीं. कपडे खालीं गॅलरींत वाळूं लागले. रावांनीं सकाळीं वर जावें, तों दोरी रिकामी वाऱ्यानें हलते आहे. तें पाहून त्यांस कुंड्यांत लक्ष लागेना.

मग रावांनीं खालच्या मजल्यावरील नरहरपंत सोमण यांस पाचारण केलें. हे शाळेंत वनस्पतिशास्त्र शिकवीत, आतां कोणी शिकावयास नाहीं म्हणून भेटेल त्यास शिकवीत. पंतांनीं गच्चीभर फेरी मारिली आणि विचारिलें, "गेल्या वर्षी हे भूत, हे विंचू कुठे ठेवले होते?"

"तिच्या मिरचीच्या शेजारीच. ऊन बरं लागतं तिथं."

"आणि मधमाशीला तुमच्या पाट्या वाचता येतात होय? शशिकांतराव, गेल्या वर्षी तिनं भुताचा पराग आणून वहिनींच्या फुलात घातला. फळ चांगलं दिसलं, बी बाटलं. त्या बियांची ही बारा झाडं."

हें ऐकून रावांचें तोंड उतरलें. बारा झाडें बाटलीं, डबींतलें बीं बाटलें. शुद्ध ऐसें एकच उरलें, ज्यापासून तें बीं धरिलें होतें तें जुनें झाड. तेलाच्या डब्यांत दुसरें वर्ष काढीत होतें, फांद्या वाकल्या होत्या, तरी जात मूळची. रावांनीं मनांत धरिलें कीं याची सेवा करावी, म्हणजे गेलेलें परत येईल. आणि सेवेंत ऐसे पडले कीं सकाळीं पाणी, संध्याकाळीं पाणी, सोमवारीं शेण, गुरुवारीं पेंड, वाटेंत आठवण आली तर आणखी एक तांब्या. अपराधी माणसाच्या हातून पाणी जास्त पडतें. श्रावण सरतां सरतां पानें पिवळीं पडलीं, फुलें गळालीं. पंतांनीं माती उकरून बोटाचा वास घेतला.

"मूळ कुजलं. एकदा दुर्लक्ष करून बाटवलीत, आता लाड करून मारलीत."

"पंत, काहीतरी सांगा हो. ही गेली तर..." ती गेली तर दोरी रिकामीच राहणार, हें पंतांस न सांगतां कळलें.

"तीन शेंडे हिरवे आहेत," पंत म्हणाले. "बी धरायला वेळ नाही. कलम करा. दुसऱ्या झाडाचं मूळ, हिचा शेंडा. दत्तक घ्या म्हणाना."

मग भाद्रपद शुद्ध पंचमीस पहिली मोहीम जाहाली. लवंगी मिरचीच्या एका रोपाचा शेंडा उडवून, खोडास मधोमध चीर देऊन, आईच्या मिरचीची काडी पाचरीसारखी तासून आंत बसविली आणि रावांनीं विजेच्या तारांची काळी चिकटपट्टी करकचून गुंडाळिली. चौथे दिवशीं काडी काळी पडली. दुसरी मोहीम त्याच पक्षांत. यावेळीं पट्टी सैल, वर प्लास्टिकची पिशवी, आणि पंतांची सक्त ताकीद कीं आठ दिवस उघडूं नये, आंतला दमट वारा जाऊं देऊं नये. परंतु रावांस धीर कोठला! जगली कीं नाहीं पाहावयास सकाळीं उघडावी, दुपारीं उघडावी, जरा हालवून पाहावी. तिसरे दिवशीं काडीनें मान टाकिली. पंत म्हणाले, "झोपलेल्या माणसाला झोप लागली का म्हणून उठवून विचारता!"

शेंडा एक उरला. तोही खालच्या बाजूचा, जुना आणि जाड. लवंगीचीं रोपें त्यापुढें काड्यापेटींतल्या काडीसारखीं. जाडी जाडीशीं भिडल्यावांचून पाचर बसेना. रावांनीं नकाशे काढावयाच्या पेटींतला कंपास काढिला, शेंड्याचें माप घेतलें आणि राज्यांतील एकूण एक खोड मोजलें. भूत मोजलें, विंचू मोजले, बाटलेलीं बारा मोजलीं. तीं बारा तशींच खालून कुजूं लागलीं होतीं, कामाचीं नव्हतीं. माप एकाशींच जुळलें. राव पुनः पहिल्यापासून मोजूं लागले. पुनः तेथेंच आले. तिसऱ्यानें मोजावयास निघाले, तेव्हां पंतांनीं कंपास हातांतून काढून घेतला आणि हळूच म्हणाले, "कालाग्नीच आहे, शशिकांतराव."

कालाग्नीस पहिल्या कळ्या धरिल्या होत्या. प्रदर्शनांत त्याच्या नांवानें मेजाचा क्रमांक पडला होता. राव त्याच्यापुढें पायरीवर बसून राहिले. ऊन दोरीवरून सरकत टांकीपर्यंत गेलें, तेव्हां उठून ते जिना उतरले. बाई गॅलरींत अबोलीचा गजरा गुंफीत होत्या. रावांनीं उंबऱ्याशीं उभें राहून म्हटलें,

"कुमुद, वर येतेस? एका माणसाचं काम नाही हे."

बाईंनीं मान वर केली नाहीं. "मी दोन दिवस उभी होते वर. अर्धी मिरची हातात घेऊन."

"हो."

"फोनसुद्धा मीच करत होते."

"हो."

"आणि कचऱ्यात ती काडी पाहिली मी. चिकटपट्टीनं आवळलेली. गळा दाबलात तिचा." मग गजऱ्यासाठीं भिजत घातलेला केळीच्या सोपटाचा दोरा, म्हणजे केळीच्या बुंध्याच्या सालीची बारीक चिरोटी, त्यांनीं पाण्यांतून काढिला, पदरांत घेतला आणि उठल्या. "चला. तुम्हाला फूल कधी बांधता आलं नाही, झाड काय बांधणार!"

चार महिन्यांनीं बाईंचें पाऊल गच्चीस लागलें. रावांनीं पातें तापवून निवविलें आणि कालाग्नीच्या खोडास लाविलें. बाई दचकल्या. "अहो, हा तर प्रदर्शनातला!"

"होता," राव म्हणाले, आणि एका झटक्यांत तीन वर्षांचें शिर कळ्यांसकट खालीं आलें. त्यांनीं तें उचलिलें नाहीं. खोडास चीर दिली, शेवटची काडी तासली, पाचर बसविली, सालीस साल भिडली. पाचर सरकूं नये म्हणून बाईंनीं वरून आपला हात ठेविला, आणि दुसऱ्या हातानें सोपट फिरविलें. गजऱ्यांत कळीचा देठ जसा बांधावा, सुटूं नये आणि चिरडूंही नये, तसें. फिरवितां फिरवितां आईच्या तोंडची ओवी आपोआप ओठांवर आली:

पहिली माझी गाठ, देठाला कळू नये।
दुसरी माझी गाठ, वाऱ्यानं ढळू नये॥

मग पिशवी चढविली, आणि तिचें तोंड बाईंनीं स्वतः बांधून रावांस बजाविलें, "ही गाठ माझी आहे. कुणी सोडून परत बांधली तर मला ओळखू येते." राव आठ दिवस पिशवीभोंवतीं येरझारा घालीत, पाठीमागें हात बांधून. कपडे वाळत घालावयाच्या निमित्तानें बाई सकाळ-संध्याकाळ पहाऱ्यास येत. दोरीवर पहिले दिवशीं एक टॉवेल दिसला, दुसरे दिवशीं लुगडें आणि सदरा, आणि आठवे दिवशीं दोरी भरली. त्या दिवशीं बाईंनीं गांठ सोडिली. काडीच्या टोकास मोहरीएवढें हिरवें पान, ओलें आणि चकाकतें.

मार्गशीर्षांत राव प्रदर्शनास जाऊन आले. आपल्या क्रमांकाच्या मेजावर कोणाचा तरी दुधी पाहिला, आणि कौतुक करून आले. इकडे कलमाच्या खालीं कालाग्नीच्या खोडास एक काळसर फुटवा आला. पंतांची आज्ञा खुडून टाकण्याची. राव नख लावणार, तों बाई म्हणाल्या, "एक राहू द्या. घर त्याचं आहे." मग फुलें आलीं. मधमाशीनें पुनः घात करूं नये म्हणून बाईंनीं रावांचा जुना मलमलचा सदरा फाडून इवल्या पिशव्या शिविल्या आणि एकेका कळीस टोपडें घातलें. बाळंतविड्याची हौस पुरी जाहाली, ऐसें पंत बोलले.

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्र मास. पहिली मिरची धरली. आंखूड, जाड सालीची, दिसावयास हुबेहूब आईची. परंतु रावांस शंका आली. खालीं पाय अग्नीचे, वर मस्तक माहेरचें. पायांतलें डोक्यांत चढलें असेल तर? पंत म्हणाले, "खुंट नुसतं पाणी पाजतो. चव काडीची." मग चाखा म्हणतांच पंतांस घरीं दूध उतूं जाण्याची आठवण जाहाली. बाईंनीं मिरची तोडिली, मधोमध कापिली, एक अर्ध रावांच्या तळहातावर ठेविलें आणि आपल्या अर्धाचा कोरा घास घेतला. चावूं लागल्या. राव त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी येतें का, कान लाल होतात का. हातांतला आपला घास घ्यावयाचेंही भान नाहीं. बाई चावीत चावीत दोरीकडे गेल्या, एक चिमटा सरळ केला, परत आल्या.

"मीठ आणा," बाई म्हणाल्या.

राव अनवाणी धांवले. आपलें अर्ध दगडी पायरीवर ठेवून घरापर्यंत तीन जिने उतरले, चिमूटभर आणावयाचें तें बरणीच उचलून आणिली, आणि धापा टाकीत वर पोंचले तों बाई दाराशीं उभ्या. पायरीवरचें अर्ध मुंगी लागेल म्हणून त्यांनीं उचलून हातांत धरिलें होतें.

"किती वाट पाहायची माणसानं!" ऐसें म्हणून त्यांनीं तें पुढें केलें.

एकूण हकीकत ऐसी. आईच्या मिरचीचा वंश चालिला, बीं सदतीस दाणे निघालें, तें डबींत आहे. कालाग्नी एका फांदीनें त्याच बुडख्यावर सुखरूप आहे, त्यास रामभाऊ लांबून नमस्कार करितात. राव हल्लीं मेळ्यास चैत्र टाळून जातात. गच्चीवर दोरी भरलेली असते. ज्यानें पाहिलें त्यानें लिहिलें. ज्यास खोटें वाटेल त्यानें वर यावें, अर्धी चाखावी, मीठ येथें मिळेल.