साळिंदर विरुद्ध वनराज, पाच मार्क

एका जंगलात एक शाळा होती. दचकू नका मुलांनो, शाळाच होती.

तिथे बगळेसर नागरिकशास्त्र शिकवत. त्यांचा आवडता धडा ‘ऐतिहासिक खटले’. त्यातला सगळ्यात ऐतिहासिक खटला म्हणजे साळिंदर विरुद्ध वनराज.

पहिल्या बाकावर कापशी नावाची सशाची मुलगी बसे. तिने भीतभीत हात वर केला.

“सर, पण निकाल काय लागला?”

“शेवटच्या ओळीत आहे. ती ऑप्शनला टाक,” सर म्हणाले. “साल लिही. न्यायमूर्ती सात, ते लिही. ‘ऐतिहासिक’खाली रेघ मार. पाचपैकी पाच!”

कापशीला पाचपैकी पाच मिळाले. आईने शेजारीपाजारी गाजरं वाटली.

फार पूर्वी याच प्रश्नात लांडग्याला भोपळा मिळाला होता. त्या वेड्याने नुसती शेवटची ओळच लिहिली होती: ‘बिळातल्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय बीळ उकरू नये, आणि आत पिल्लं आहेत असं ते म्हणाले, तर मुळीच उकरू नये.’ नापास झाला. मग वनराजाकडे बिळं उकरायच्या नोकरीला लागला.

एके सकाळी तो कापशीच्या दारात आला. आत आई होती. आणि तीन दिवसांची तीन पिल्लं.

कापशी आडवी उभी राहिली. “थांबा! साळिंदर विरुद्ध वनराज!”

लांडगा चटकन खाली बसला. “बोल ताई. तुझं म्हणणं ऐकायलाच हवं.”

कापशी घडाघडा बोलली. साल, तारीख, सात न्यायमूर्ती, दोन्हीकडचे वकील. ‘ऐतिहासिक’ म्हणताना तिने हवेत रेघसुद्धा मारली.

“अजून काही? आत कोणी आहे, वगैरे?”

कापशीने डोळे मिटून वही आठवली. “नाही. एवढंच आहे उत्तर.”

“छान. ऐकलं,” लांडगा म्हणाला, आणि त्याने पंजे चालवले.

आईने पिल्लं कशीबशी करवंदीच्या जाळीत नेली. तिथून ती ओरडली, “अगं, घरात भावंडं आहेत एवढं तरी सांगायचंस!”

“आई, जास्तीचं लिहिलं की सर मार्क कापतात गं!”

कापशी न्यायालयात गेली आणि हरली. लांडग्याने तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं ना!

आता बगळेसर नवा खटला शिकवतात, कापशी विरुद्ध लांडगा. न्यायमूर्ती नऊ. शेवटची ओळ ऑप्शनला.

तात्पर्य : बीळ काय, पुन्हा खणता येतं. गेलेला मार्क परत मिळत नाही.