शमुवेलभाऊंच्या बारा पट्ट्या

दळण नसताना गिरणी सुरू करायला सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शमुवेलभाऊ. जुन्नरच्या पेठेत माझी पिठाची गिरणी आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान. जळालेली मोटार आणे पठारावरची असो नाहीतर तळेघरकडची, भाऊ तिच्यात नवी तांब्याची तार भरत. ती घुमायला लागली की कान लावून म्हणत, "आली घरी."

दुपारी गिरणीत कोणी नसलं की ते दारात उभे. "ताई, जरा चालू करता का? गाणं लई वर अडकलंय."

"दळण नाही, भाऊ. नुसते दगडावर दगड घासतात. टाकी जाते, गुळगुळीत होतात."

"एका कडव्यापुरती."

त्याचं असं होतं, की आमच्या दोघांची वीज एकाच खांबावरून यायची. गिरणी सुरू झाली की त्यांच्या दुकानातला बल्ब पिवळा पडायचा आणि टेपरेकॉर्डर दमायचा. कॅसेटमधली बाई काळी चारच्या पट्टीत गात असायची, ती हळूहळू पांढरी पाचवर उतरायची. भाऊंचा कीबोर्ड सेलवर चाले, त्यामुळे तो होता तिथेच राहायचा. मग भाऊंची बोटं त्या बाईच्या मागे धावत सुटत.

ही नव्वदनंतरची गोष्ट. कॅसेट त्यांच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्याने आणलेली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गाणी. शब्द भाऊंना कळत नसत. "शब्द ऱ्हाऊ द्या," ते म्हणत, "मागचा पियानो ऐका. तिथं एकटा सूर बोलतच न्हाई. तीन-चार जण मिळून बोलत्यात."

मला यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी समजावलं. "समजा, घरात तीन माणसं. कधी आजा खाली बसलाय, पोर माडीवर. कधी पोर खाली, आजा माडीवर. माणसं तीच, पण घराचा आवाज बदलला का न्हाई? सुरांचं बी तसंच हाय." मग गाणं कसं चालतं तेही सांगितलं. आधी घर. तिथून चौथ्या सुराच्या दारी, मग पाचव्याच्या, आणि पुन्हा घरी. "चौथ्याकडून एकदम घरी आलं की आमच्यात गाण्याच्या शेवटचं आमेन व्हतं," म्हणाले.

हे सगळं त्यांना बाराही पट्ट्यांमध्ये यायला हवं होतं. गिऱ्हाईक मोटारीसाठी ओट्यावर ताटकळत बसायचं आणि भाऊ काळी दोनमध्ये घर शोधत असायचे. एकदा एक शेतकरी म्हणाला, "राव, माझा कांदा वाळला. तुमचं घर कवा सापडायचं?"

"सापडलं. आता तुमची मोटार घेतो."

उन्हं तिरपी झाली की झडपेतून येणाऱ्या उजेडात माझ्या गिरणीतलं पीठ तरंगत राही आणि भिंतीपलीकडून ते सूर येत. ज्वारी मोजता मोजता मी कितीदा थांबले असेन. काम खोळंबायचं, हे खरं.

शेवटी एक दिवस मी विचारलंच. "भाऊ, गावाच्या मोटारी बांधता. त्या टेपला सेल का नाही जोडत? गाणं एका जागी तरी राहील."

"जोडू की. पाच मिनटांचं काम हाय." ते तारेचं रीळ गुंडाळत राहिले. "पर रूथ न्हाई ना राहत एका जागी."

रूथवहिनी म्हणजे त्यांची बायको. चर्चमध्ये रविवारी गाणं उचलायचा मान वर्षानुवर्षं तिचा. पुढे तिला दमा लागला. श्वास मोकळा असेल तर आवाज वर, नसेल तर खाली, आणि एकाच गाण्यात दोन्ही. कीबोर्डवर एक नवा तरुण बसायला लागला. त्याला एकच पट्टी यायची. एका रविवारी वहिनी मध्येच खाली घसरली. तो माइकवर म्हणाला, "मावशी, पट्टी धरा." लोक हसले. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायची. घरीसुद्धा गात नव्हती.

"तिला म्हनलं, तू कुठूनबी उचल, मी येतो," भाऊ म्हणाले. "पर यायला तर पायजे ना मला."

त्यानंतर भाऊंनी गिरणी चालू करा म्हटलं, की मी लगेच बटण दाबत असे.

त्या तरुणाला पुण्यात नोकरी लागली आणि नाताळात चर्चचा कीबोर्ड भाऊंकडे आला. शेजारी म्हणून मला बोलावणं होतं. गिरणी बंद ठेवून गेले. गाण्याची वेळ आली. भाऊंनी सूर दिलाच नाही. हात मांडीवर ठेवून शेवटच्या बाकाकडे बघत बसले. लोक चुळबुळले. कोणीतरी खाकरलं.

बऱ्याच वेळाने मागून वहिनीचा आवाज आला. चिरका, भलताच उंच. भाऊंची बोटं अलगद त्याच्याखाली गेली, जणू गाणं तिथूनच निघायचं होतं. दुसऱ्या कडव्यात तिला धाप लागली, आवाज उतरला. भाऊही उतरले, माझी गिरणी सुरू झाल्यावर उतरत तसे. कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटच्या ओळीआधी ती थांबली. भाऊ चौथ्या सुरावर बोटं दाबून बसून राहिले, तिला श्वास येईपर्यंत. मग दोघं मिळून घरी उतरले.

भाऊंचे ओठ हलले, मोटार घुमायला लागली की हलत तसेच. काय म्हणाले ते मला इतक्या लांबून ऐकू यायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दगडांना टाकी लावून घेतली. फार गुळगुळीत झाले होते.