नक्कल करू नये

नळदुर्गात आमच्या शेजारच्या बसवण्णप्पांना गाठायचं असेल तर घरी जाऊ नये. हायवेवरच्या ढाब्यावर जावं. तिथं ट्रक थांबला की ड्रायव्हर जेवायला उतरतो आणि अप्पा मागचा फाळका तपासायला जातात. वाकून, मागं सरून, मान तिरकी करून, मुलगी बघायला आल्यासारखे बघतात.

शोध चाललेला असतो चोरीला गेलेल्या गायीचा.

अप्पा पेंटर आहेत. ट्रकच्या फाळक्यावर गाय-वासरू काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांची गाय लांबून ओळखू येते. तिच्या पापण्या एखाद्या नटीला शोभाव्यात अशा असतात, ती गालातल्या गालात हसते आणि तिचं डावं शिंग आखूड असतं. पहिल्या गायीच्या वेळी तिथं फाळक्याची कडी आडवी आली होती. पुढं कड्या सरकल्या, शिंग मात्र वाढलं नाही. गायीखाली ठळक अक्षरं : ‘नक्कल करू नये. कारवाई होईल.’ पुष्कळ ड्रायव्हरांना ही ओव्हरटेकबद्दलची सूचना वाटते.

अलीकडे अप्पांकडे काम येत नाही. सगळे स्टिकर चिकटवतात. “स्टिकर म्हंजी गायीचा आधार कार्डावरला फोटो,” असं अप्पांचं मत आहे. त्यांचा हात थरथरतो, त्यालाही कारण तयार असतं : हायवेच्या गाड्यांनी जमीन हालते. दोन्ही मुलं पुण्याला. थोरला कॉम्प्युटरवर जाहिराती करतो. ब्रश दात घासायला असतो एवढंच त्याला ठाऊक, असं अप्पा सांगतात. “माझ्या मागं ही गाय हसायची थांबणार बघा, सर,” हेही ते उद्या पाऊस नाही अशा आवाजात सांगतात.

एका दुपारी त्यांनी मला झोपेतून उठवून ढाब्यावर नेलं. ट्रकच्या मागं एक गाय होती. अप्पांची गाय उभी असते, ही बसलेली. पण पापण्या त्याच वळणाच्या, हसू त्याच धर्तीचं, डावं शिंग आखूड. आणि खाली : ‘नक्कल करू नये. कारवाई होईल.’ चोरानं घर लुटून दारावरची ‘कुत्र्यापासून सावध’ पाटीसुद्धा नेली होती. ड्रायव्हर म्हणाला, वाशीला काढून घेतली; मुंबईजवळच्या नव्हे, आपल्याच जिल्ह्यातल्या.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, पण घरात पुस्तकांची दोन कपाटं असल्यानं अप्पांच्या लेखी मी हायकोर्ट. मी त्यांना समजावलं की चित्र जसंच्या तसं उचललं तर दाद मागता येते, नुसत्या धाटणीवर मात्र कुणाची मालकी नसते.

अप्पांनी बराच विचार केला. “म्हंजी गाय माझी, आन् तिचं हसणं सरकारजमा?”

दुसऱ्या दिवशी मला साक्षीदार करून ते वाशीला निघाले. एसटीत त्यांनी धमकीची तालीम इतक्या मोठ्यानं केली की तुळजापूर येईपर्यंत सगळ्या गाडीला खटला पाठ झाला. कंडक्टर अप्पांच्या बाजूचा होता. एका बाईंनी उतरताना, वकील राहू द्या, आधी आईची ओटी भरा, असा सल्ला दिला.

वाशीला अप्पांच्या डोळ्यांपुढं जो मिशाळ दरोडेखोर होता, तो निघालाच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पदर खोचलेली एक बाई फाळका रंगवत होती. नाव सुनंदा. नवरा पुण्याला गाडीवर. बाजारात थांबलेल्या ट्रकांमागं उभी राहून ती हे काम शिकली होती.

“ही गाय कुणाची?” अप्पांनी दरडावलं.

“नळदुर्गच्या अप्पांची,” ती मागं न बघता म्हणाली.

तालमीत हे उत्तर नव्हतं. “मग खालची ताकीद कशाला लिवली?”

“तिच्याबिगर गाय पुरी होत न्हाय.”

अप्पा त्या गायीकडं बघत राहिले. मग “कोर्टात बघतो तुला” एवढंच बोलून वळले. परतीच्या गाडीत कंडक्टर तोच होता. त्यानं चेहरा बघून निकाल विरुद्ध गेला असं धरलं आणि आम्हाला खिडकी दिली.

तेव्हापासून दर मंगळवारी अप्पा वाशीला जातात. विचारलं तर “तारीख हाय,” म्हणतात. पिशवीत बारीक केसांचे ब्रश असतात, पुरावा म्हणून. वाशीच्या कोर्टात पुराव्याला रंग लागत असावा, कारण येताना ते ब्रश ओले असतात.

परवा ढाब्यावर चहा घेताना मी विचारलं, “अप्पा, निकाल कधी?”

“लांबतोय, सर. हसू जमलं तिला. पापण्या अजून जाड येतात.” मग चहा बशीत ओतत म्हणाले, “घाई करून चालत न्हाय. पन लई लांबूनबी चालायचं न्हाय.”

त्यांनी बशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी चहा हिंदकळत होता. हायवेवरून त्या वेळी एकही गाडी जात नव्हती.