झाशी कंट्रोल पायी निघतो

रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर तुम्ही-आम्ही बाजूला होतो. दामूकाका 'लूप'ला, म्हणजे बाजूच्या रुळाला, लागतात. "तिवारी, लूप में आ जाओ. पहले ये स्पेशल निकल जाने दो," असं शेजारच्या तिवारीजींना सांगत घोटाभर चिखलात उभे राहतात. म्हशी गेल्या की घड्याळ बघून जाहीर करतात, "चार मिनिटं डिटेन्शन. कारण, म्हशी."

दामूकाका आमचे शेजारी. झाशीच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात त्यांनी तीस वर्षं काढली. कंट्रोलर म्हणजे बंद खोलीत कानाला फोन लावून, समोरच्या तक्त्यावर पेन्सिलीच्या रेघांनी गाड्या हाकणारा माणूस. कुठली गाडी थांबेल, कुठली पुढे जाईल, हे तो ठरवतो आणि स्टेशन मास्तर ऐकतात. निवृत्तीनंतर स्टेशन मास्तर उरले नाहीत, तेव्हा ती जबाबदारी आमच्यावर आली. काकू म्हणतात, "आमच्याकडे वरण आल्याशिवाय भाताला सिग्नल मिळत नाही."

श्रावणातल्या अमावस्येला चित्रकूटला कामदगिरीची परिक्रमा करायची आणि तिथवर पायी जायचं, हा बेतही काकांचाच. बरोबर तिवारीजी आणि मी. मी सदर बाजारात चष्मे विकतो, म्हणजे दिवसभर स्टुलावर बसतो. माझ्या पायांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी भजनं म्हटली, दुसऱ्या दिवशी गप्पा मारल्या, तिसऱ्या दिवसापासून फक्त पाऊस ऐकला. रेनकोटच्या आत घाम, बाहेर पाणी, बुटात दोन्ही. तळपायांना फोड आले. भंडाऱ्यात पुरी-भाजी वाढणाऱ्याला 'जय सियाराम' म्हणायचंही त्राण नव्हतं, नुसतं पान पुढे करायचो. तिवारीजींनी तर देवाशी बोलणंच टाकलं होतं. काका मात्र प्रत्येक गाव आलं की वेळ सांगायचे. मला त्यांचं घड्याळ विहिरीत टाकावंसं वाटायचं.

पाचव्या दिवशी दुपारी ते फाट्यावर थांबले. डावीकडे एक कच्चा रस्ता पाण्यात बुडाला होता. "इथून दोन कोस पिपरौरा. मला जायचंय. तुम्ही सरळ व्हा पुढे."

दोन कोस जायचे आणि दोन कोस यायचे. मी तिथेच दगडावर बसलो आणि म्हणालो, "काका, आता मी मरेन."

तेव्हा त्यांनी सांगितलं. कंट्रोलच्या फोनवर माणसाला नाव नसतं, स्टेशनचं नाव तेच त्याचं नाव. पिपरौऱ्याच्या मास्तरांशी काका नऊ वर्षं बोलले, ते "बोलो पिपरौरा" एवढ्यावरच. तोंड कधी पाहिलं नाही. एकदा मास्तरांची आई गावी शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी सकाळीच रिलीफ मागितला, म्हणजे बदली माणूस. "मी म्हटलं, एक मालगाडी काढा, मग पाठवतो. एकीच्या तीन झाल्या. ते पोचले तेव्हा चिता विझली होती. आता स्टेशनामागेच राहतात, असं कळलंय. माफी मागायचीय."

"दद्दा," तिवारीजी म्हणाले, "माफी तो फोन पे भी माँगी जा सकती है."

"फोन पे ही तो गलती की थी."

आम्ही दोघे शिव्या घालत मागोमाग निघालो. त्या दोन कोसांत काकांनी एकदाही वेळ सांगितली नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

स्टेशनामागच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. काका पायरीखाली पावसातच उभे राहिले. हात जोडले, पण नाव सांगायचं सुचेना. "झाँसी कंट्रोल बोल रहे हैं," ते म्हणाले.

म्हाताऱ्याचे हात थांबले. आवाज त्यांनी तिथल्या तिथे ओळखला. सूप बाजूला ठेवून ते उठून उभे राहिले, साहेब आल्यासारखे.

काकांनी सगळं सांगितलं. एकही सबब दिली नाही.

"दो साल रोज गाली दई आपको," शेवटी मास्तर म्हणाले, "फोन धर के. फिर थक गए." मग सरकून जागा केली. "इतै बैठो. मोज़े उतारो, पाँव सड़ जैहें."

काका बसले, पण ओले मोजे काही निघेनात. मास्तरांनीच खाली वाकून ते ओढून काढले, पिळले आणि दोरीवर टाकले. आणि सहज, कुणी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "आपकी अम्मा हैं?"

हिंदी बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, ते काका तेव्हा मराठीत बोलले.

"आई गेली तेव्हा मी कंट्रोलच्या बोर्डावरच होतो. घरून दोनदा निरोप आला. रिलीफ मागितला असता तर मिळाला असता. पण तुम्हाला अडकवल्यावर मला मागायला तोंड नव्हतं."

तीस वर्षांच्या शेजारात हे मला ठाऊक नव्हतं. काकूंनाही असेल असं वाटत नाही.

मास्तरांना मराठी येत नव्हती. त्यांनी अर्थ विचारला नाही. आत वळून सुनेला चार चहा सांगितले आणि काकांच्या अगदी जवळ येऊन बसले.